तळणाचं तेल टेम्पोत घालू का? पंप-नोझलच्या टेबलावरून उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला फरसाणचा छोटा कारखाना आहे आणि आठवड्याला साठ-सत्तर लिटर वापरलेलं पामतेल उरतं. दारात दोन गाड्या आहेत, 2004 चा 407 टेम्पो आणि 2021 ची बीएस 6 पिकअप. ओळखीतला एक जण आपल्या टेम्पोत तीस टक्के तेल आणि सत्तर टक्के डिझेल असं मिसळून काही महिने फिरतोय आणि 'काही होत नाही' म्हणतोय. तर तेल गाळून थेट घालावं का, की घरीच बायोडिझेल बनवावं, आणि ते दोन्ही गाड्यांना चालेल का?

मी इंजिनातले डिझेल पंप आणि नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन फवारणारं तोंड, यांच्या दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे माझं उत्तर त्या टेबलावरून आहे. तेल घालून मजेत फिरणारे माझ्याकडे येत नाहीत, गाडी बसलेलेच येतात, हे आधीच सांगून ठेवतो. पण नोझल खोलल्यावर आत काय दिसतं ते मात्र मला रोज दिसतं.

'चालेल का' या प्रश्नाचं उत्तर 'चालेल' असंच आहे. आज टाकीत गाळलेलं तेल ओतलंत तर टेम्पो उद्याही सुरू होईल, सायलेन्सरमधून भज्यांचा वास येईल, आवाज कदाचित थोडा मऊच लागेल. याच गोष्टीनं माणूस फसतो. पेट्रोलच्या गाडीत डिझेल पडलं तर ती दहा मिनिटांत बंद पडते आणि चूक तिथल्या तिथे कळते. इथे इंजिन तक्रार करत नाही. त्यामुळे विचारायला हवं ते असं, की जे तेल नीट जळत नाही ते जातं कुठे, आणि ते कळेपर्यंत किती उशीर झालेला असतो?

आधी घट्टपणा बघू. 40 अंश सेल्सिअसला डिझेलची स्निग्धता 2 ते 4.5 सेंटीस्टोक असते, बीएस 6 च्या मानकात तीच मर्यादा आहे. खाद्यतेलाची त्याच तापमानाला पस्तीस-चाळीसच्या घरात असते, म्हणजे दहापट तरी. नोझल टेस्टरला लावून हँडल दाबलं की तुमच्या 407 सारख्या जुन्या इंजिनाचं नोझल 200 बारच्या आसपास फुटतं, म्हणजे उघडून इंधन फवारतं. चांगलं नोझल फुटताना 'चर्र' असा कोरडा आवाज देतं आणि समोर धुकं उभं राहतं. त्यात हात घातला तर बोटांना ओल लागते पण थेंब दिसत नाही. (हात घालू नका, त्या दाबाची धार कातडीत घुसते आणि मग थेट हॉस्पिटल.) त्याच नोझलमधून थंड खाद्यतेल सोडलं तर धुक्याऐवजी धार दिसते. आवाज बदलतो आणि धार थांबल्यावर टोकाला एक थेंब लोंबत राहतो.

तो थेंबच सगळ्याचं मूळ आहे. इंजिनात तो टोकाला तापून करपतो आणि त्याचा कडक कार्बन होतो. भोकाभोवती कार्बनची कळी धरते, मग फवारा वाकडा होतो, त्यानं आणखी थेंब राहतात, आणखी कार्बन धरतो. फवारा नीट नसला की तेलाचा काही भाग न जळता सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर आदळतो, पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत साठतो, रिंगा चिकटतात आणि उरलेलं तेल रिंगांवरून घसरत खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतं.

खरी वाट लागते ती चेंबरमध्ये. डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरलं तर ऑइल पातळ होतं आणि त्यातलं बरंचसं डिझेल उष्णतेनं उडूनही जातं. खाद्यतेल उडत नाही. ते गरम ऑइलमध्ये, धातूच्या संगतीत, हवा लागून हळूहळू एकमेकांत गुंफत जातं. कढईच्या बाहेरच्या कडेला तेलाचा जो चिवट पिवळा थर बसतो आणि घासून निघत नाही, तीच क्रिया इथे ऑइलमध्ये घडते. अशा गाडीचं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडलं की आत तपकिरी चिकट साय दिसते. डिपस्टिक बाहेर काढली की ऑइल थेंबानं न पडता तारेसारखं ओढलं जातं. मग एक दिवस ऑइल पंपाची जाळी तुंबते, प्रेशर जातं आणि क्रँकची बेअरिंग धरते. मालक म्हणतो, 'काल मुंबईला जाऊन आली, एकदम मस्त होती.' खरंच मस्त असते, शेवटच्या दिवसापर्यंत.

म्हणून तुमच्या ओळखीच्या माणसाच्या 'काही होत नाही' याला मी खोटं म्हणत नाही. तीस टक्के मिश्रणाची स्निग्धता डिझेलच्या साधारण दुप्पट येते, त्यामुळे पंप ते ओढतो आणि नोझलही बऱ्यापैकी उडवतं. पण ते तीस टक्के तेल तेलच राहतं. डिझेलमध्ये मिसळल्यानं त्याचा रेणू बदलत नाही, नुकसान लांबतं इतकंच. त्यांना एकच विचारा, शेवटचं ऑइल कधी बदललं आणि काढलेलं ऑइल कसं होतं? नेहमीच्या अंतरावरच बदलत असतील तर निम्म्या अंतरावर आणायला सांगा.

आता तो रुडॉल्फ डिझेलचा मुद्दा, की डिझेल इंजिन शोधणाऱ्या या माणसाचं इंजिन तर खाद्यतेलावरच चाललं होतं. दर दुसऱ्या व्हिडिओत तो असतो, तेव्हा तुमच्याही कानावर आला असेल. गोष्ट खरी आहे, 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पण त्या काळच्या इंजिनात इंधन दाबाच्या हवेनं फुंकून आत घालत. हवेचा जोर असल्यामुळे घट्ट तेलही फुटायचं. त्यासाठी इंजिनाला वेगळा कॉम्प्रेसर लागायचा, म्हणून ती पद्धत मागे पडली. 1927 मध्ये बॉशनं मोठ्या प्रमाणावर इंधन पंप बनवायला सुरुवात केली, आणि आपल्याकडे ज्याला सगळे 'मायको पंप' म्हणतात तो त्याच घराण्यातला. या पंपाच्या एलिमेंटमध्ये, म्हणजे इंधन दाबणाऱ्या भागात, प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते. म्हणजे 1900 सालचा दाखला 2004 च्या टेम्पोला लागू पडत नाही, आणि 2021 च्या पिकअपला तर अजिबातच नाही.

तेल कोणतं यावरही बरंच अवलंबून आहे, आणि इथे तुमची बाजू अर्धी बरी, अर्धी वाईट आहे. जवस, सूर्यफूल, सोयाबीन ही तेलं लवकर चिकट होतात. जवसाचं तेल तर रंगात घालतात तेच त्याच्या वाळण्यासाठी. पाम त्या मानानं स्थिर, त्यामुळे चेंबरमध्ये गुंफण्याचा धोका कमी. पण पाम थंडीत गोठतं. तुम्ही नाशिकचे, निफाडची डिसेंबरातली पहाट तुम्हाला मी सांगायला नको. त्या पहाटे टाकीत तेल नसेल, तूप असेल.

शिवाय तुमचं तेल वापरलेलं आहे. त्यात बेसनाची पूड आहे, मीठ आहे, शेवेतून सुटलेलं पाणी आहे आणि तेल तुटून तयार झालेली मोकळी आम्लं आहेत. फडक्यातून गाळलं की बेसन निघतं, पण पाणी, विरघळलेलं मीठ आणि आम्लं कुठल्याच फडक्यानं निघत नाहीत. पाणी बघायची सोपी युक्ती म्हणजे तापलेल्या तव्यावर दोन थेंब टाकायचे. तडतडलं तर पाणी आहे. बहुतेक तेल तडतडतंच.

थेट तेल चालवण्याची एक शहाणी पद्धत आहे, ती सांगितल्याशिवाय उत्तर अर्धं राहील. दोन टाक्या बसवायच्या. गाडी डिझेलवर सुरू करायची. रेडिएटरच्या गरम पाण्याची नळी तेलाच्या टाकीतून आणि फिल्टरभोवतून फिरवून तेल 70-80 अंशांपर्यंत तापवायचं, मग व्हॉल्व्ह फिरवून तेलावर जायचं. बंद करण्याआधी काही मिनिटं पुन्हा डिझेलवर यायचं, म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये थंड तेल उरत नाही. 80 अंशांनाही तेल डिझेलच्या तीन-चारपट घट्ट असतंच, पण फवारा बराच सुधारतो. जर्मनीत रेपसीडच्या तेलावर, म्हणजे मोहरीच्या भावकीतल्या पिकाच्या तेलावर, लोकांनी अशा गाड्या आणि ट्रॅक्टर चालवले. तिथे तेलाचं इंधन म्हणून वेगळं मानकही आहे, डीआयएन 51605. शंभरेक ट्रॅक्टर बदलून घेऊन काही वर्षं शेतांवर त्यांची सरकारी चाचणी झाली. काही बिनतक्रार चालले, काहींच्या दुरुस्त्या झाल्या, काहींची इंजिनं गेली. तेल ताजं, मानकातलं, आणि ट्रॅक्टर दिवसभर भारावर, तरीही असं. तुमचं तेल तळणाचं आहे.

आणि तुमचा टेम्पो काय करतो? तुम्हीच लिहिलंय, रोज शहरातल्या दुकानांत माल टाकायचा, आठवड्यातून एकदा मुंबई. दुकानादुकानाला थांबणारा, अर्धा वेळ आयडलवर उभा असलेला टेम्पो या पद्धतीला सगळ्यात वाईट. पाणी नीट गरम व्हायच्या आत दुसरं दुकान येतं. कमी भारावर सिलिंडर थंड असतो आणि न जळलेलं तेल सगळ्यात जास्त तेव्हाच खाली उतरतं. मुंबईची फेरी, तीही कसारा घाटातून भरलेल्या गाडीची, तेवढी योग्य. म्हणजे दोन टाक्यांचा सगळा खटाटोप आठवड्यातल्या एका दिवसासाठी. मी तुमच्या जागी करणार नाही. हाच प्रश्न दिवसभर एका वेगावर चालणाऱ्या, सावकाश फिरणाऱ्या, पाणी उपसायच्या इंजिनाबद्दल असता तर माझं उत्तर बरंच नरम असतं.

आतापर्यंतचं दोन ओळींत: थेट तेल बीएस 6 मध्ये कधीच नको. 407 मध्ये डिझेलमध्ये मिसळूनही नको, कारण नुकसान दिसत नाही तिथे साठतं, आणि तुमची धाव शहरातली आहे. आता बायोडिझेल.

बायोडिझेल म्हणजे गाळलेलं तेल नव्हे. आपल्याकडे दोन्हींना सर्रास एकच नाव देतात, त्यातून अर्धे घोटाळे होतात. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनचा कणा आणि त्याला लागलेल्या तीन लांब साखळ्या. कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅशच्या मदतीनं तेलाची मिथेनॉलशी क्रिया घडवली की साखळ्या कण्यापासून सुटतात आणि प्रत्येकीला मिथेनॉलचा तुकडा चिकटतो. ग्लिसरीन जड, ते खाली बसतं. वर उरतं ते बायोडिझेल. रेणू एकतृतीयांश झाला, त्यामुळे स्निग्धता 4-5 वर येते, म्हणजे डिझेलच्या शेजारी. सीटेन, म्हणजे इंधन किती पटकन पेटतं त्याचा आकडा, पन्नासच्या वर, गंधक जवळपास नाही, रेणूत सुमारे अकरा टक्के ऑक्सिजन असल्यामुळे काळा धूर कमी, आणि पंपाला वंगण डिझेलपेक्षा चांगलं. ताकद थोडी कमी, वजनी हिशेबानं उष्णता दहाएक टक्के कमी मिळते. घाटात ते जाणवेल, शहरात नाही.

म्हणजे रसायन उत्तम आहे. अडचण ते घरी करण्यात आहे. शंभर लिटर तेलाला वीसेक लिटर मिथेनॉल लागतं. मिथेनॉल 64.7 अंशांना उकळतं आणि क्रिया करायची असते 55-60 ला, म्हणजे ते उकळण्याच्या उंबरठ्यावरच असतं. त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. वाफ श्वासातून जाते, द्रव कातडीतूनही जातो, आणि त्यानं डोळे जातात. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, त्या दारूत हेच होतं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मिथेनॉल बाळगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. ज्या शेडमध्ये शेव तळण्याची भट्टी पेटलेली असते तिच्या शेजारी मिथेनॉलचा ड्रम, हे चित्र मला डोळ्यांसमोरही आणवत नाही.

दुसरी अडचण तुमच्या तेलाची. मोकळी आम्लं जास्त असली की कॉस्टिकचा पहिला घास तीच घेतात आणि त्याचा साबण होतो. ताज्या तेलाला लिटरमागे साडेतीन ग्रॅम कॉस्टिक सोडा पुरतो. वापरलेल्याला किती जादा घालायचा ते प्रत्येक खेपेला मोजून ठरवावं लागतं. मोजणीला फिनॉल्फ्थॅलीन लागतं, पण स्पिरिटमधली हळदही चालते, अल्कली झाली की लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करणाऱ्यांच्या देशात हे सांगायला नको. आज पापडी, उद्या फरसाण, परवा उरलेलं दोन दिवसांचं तेल, प्रत्येक घाण्याचा आकडा वेगळा. अंदाजानं घातलंत तर एकतर क्रिया अर्धवट राहते, नाहीतर ड्रमभर पिवळी लापशी होते.

अर्धवट राहिलेली क्रिया सगळ्यात फसवी, कारण दिसायला ते बायोडिझेलच दिसतं. ते पकडायला एक साधी चाचणी आहे: 27 मिलिलिटर मिथेनॉलमध्ये 3 मिलिलिटर तयार माल घालून हलवायचं. बायोडिझेल मिथेनॉलमध्ये विरघळतं, राहिलेलं तेल विरघळत नाही, तळाशी थेंब होऊन बसतं. घरी बनवलेल्या बायोडिझेलची बाटली घेऊन कुणी आलं की मी आधी हीच चाचणी करतो, आणि तळाशी थेंब दिसणं काही दुर्मीळ नाही. दुसरी चाचणी, बरणीत निम्मं पाणी निम्मं बायोडिझेल घालून जोरात हलवा. अर्ध्या तासात दोघं स्वच्छ वेगळं झालं पाहिजे. मधे पांढरी साय राहिली तर साबण उरलाय. त्या साबणातलं सोडियम नोझलवर आणि पुढे बीएस 6 च्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिस्टवर बसतं. आणि वर, धुतलेलं पाणी आणि मिथेनॉल मुरलेलं ग्लिसरीन टाकायचं कुठे, हा प्रश्न व्हिडिओत येत नाही.

बरं, बायोडिझेल चांगलं आहे असं धरू, परवानाधारक कारखान्यातलं, आयएस 15607 या बायोडिझेलच्या मानकाचा चाचणी अहवाल सोबत. तरी 407 मध्ये एकदम ओतू नका. बायोडिझेल हा चांगला विद्रावक आहे. टाकीत वीस वर्षांचा साचलेला गाळ ते सोडवतं आणि फिल्टरमध्ये आणून टाकतं. बायोडिझेल घातलं आणि दोन दिवसांत गाडी दम खायला लागली, अशी तक्रार आली की आधी फिल्टर बघायचा, दहातल्या आठ वेळा तोच असतो. जुन्या रबरी नळ्या आणि सील त्यानं फुगतात, मऊ पडतात, पाझरतात. त्यांच्या जागी व्हिटॉन या इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या घालाव्या लागतात. पितळ, तांबं आणि जस्ताचा मुलामा यांच्याशी त्याचं पटत नाही, माल खराब होतो आणि धातूही खातो, तेव्हा साठवण जस्ती पत्र्याच्या पिंपात नको. पावसाळ्यात ते हवेतली ओल धरतं, ओलीत जंतू वाढतात आणि फिल्टरवर काळसर शेवाळासारखं काहीतरी धरतं. दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त साठा करू नये. पामचं बायोडिझेल असेल तर हिवाळ्यात प्रमाण अगदी कमी करा, साधारण पंधरा अंशांच्या आसपास ते गढूळ व्हायला लागतं आणि नाशिकचा पारा त्याच्या बराच खाली जातो.

पंपाचा प्रकार बघणं राहिलंच. तुमच्या टेम्पोला रांगेतला, चार एलिमेंटचा पंप असेल तर त्याच्या तळाला इंजिन ऑइलचं वंगण असतं, तो इंधनातलं थोडंफार उणं-अधिक सोसतो. गोल, रोटरी पंप असेल तर त्याचं सगळं वंगण इंधनातूनच होतं. घट्ट किंवा घाण इंधन आलं की तो आतून ओरखडतो, कधी शाफ्टच मोडतो. रोटरीवाल्याला मी थेट तेलाचं नावही काढू देत नाही.

पिकअपचं उत्तर लहान आहे. तिच्यात पेट्रोल पंपावरचं डिझेल, बाकी काही नाही. तिच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या सामायिक नळीत, दाब 1600 बारच्या पुढे असतो आणि इंजेक्टरची भोकं केसापेक्षा फार मोठी नसतात. एका इंजेक्टरची किंमत पाच आकडी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे धुराचा फिल्टर. तो जाळून साफ करायला कॉम्प्युटर अनेक गाड्यांत पॉवर स्ट्रोकच्या शेवटी मुद्दाम थोडं जादा डिझेल फवारतो. डिझेल तिथे वाफ होऊन पुढे जातं. बायोडिझेलचा उत्कलनबिंदू वरचा, ते भिंतीवर राहतं आणि चेंबरमध्ये उतरतं. पुन्हा तेच चेंबर. पंपावरच्या डिझेलमध्ये आयएस 1460 या डिझेलच्या मानकाप्रमाणे सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असू शकतं, तेवढं गाडी बनवणाऱ्यानं धरलेलं असतं. त्यापुढे गेलात आणि इंजेक्टर गेला, तर वॉरंटीत कुणी दारात उभं करणार नाही.

मग त्या साठ-सत्तर लिटरचं करायचं काय? लोक सगळा हिशेब 'तेल फुकट आहे' इथून सुरू करतात. ते फुकट नाही. 2018 च्या जुलैपासून अन्न सुरक्षा प्राधिकरणानं तळणाच्या तेलातल्या पोलर घटकांना, म्हणजे तळून तळून तेल तुटल्यावर तयार होणाऱ्या घटकांना, 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे, त्यापुढचं तेल तळायला वापरता येत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अशा तेलाचं बायोडिझेल व्हावं म्हणून 'रुको' नावाची योजना सुरू झाली. दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना मार्च 2019 पासून त्याची नोंद ठेवावी लागते आणि जुनं तेल मान्यताप्राप्त संकलकाकडेच द्यावं लागतं. तुमचा कारखाना त्यात बसत असेल, तर तेल टेम्पोत घालणं हा फक्त इंजिनाचा प्रश्न उरत नाही. संकलक या तेलाला पैसे देतात. 2019 मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी अशा तेलापासूनच्या बायोडिझेलला पहिल्या वर्षासाठी लिटरला 51 रुपये भाव जाहीर केला होता. तेव्हापासून मागणी वाढलीच आहे, कारण 2030 पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल हे राष्ट्रीय धोरणात लिहिलेलं लक्ष्य आहे आणि मोगली एरंडाच्या लागवडीतून ते येणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलंय. (2003 नंतरच्या त्या लाटेत ज्यांनी बांधावर मोगली एरंड लावला त्यांना विचारा, बिया किती मिळाल्या.)

तेव्हा हिशेब असा करा. एका बाजूला वाचलेलं डिझेल. दुसऱ्या बाजूला तेल विकून मिळाले असते ते पैसे, मिथेनॉल, कॉस्टिक, तापवण्याचा खर्च, जादा फिल्टर, निम्म्या अंतरावर ऑइल, आणि तुमचा वेळ. आजचे तुमच्याकडचे भाव घाला. साठ-सत्तर लिटरला जो फरक उरतो तो एका इंजिनाच्या कामाशी ताडून बघा. मला तरी तो धोका घेण्याइतका मोठा दिसत नाही. हजारो लिटर रोज गोळा करणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांच्याकडे प्रयोगशाळा असते.

एक धोक्याची सूचना, कारण तुम्ही स्वस्त इंधनाच्या शोधात आहात. हायवेच्या कडेला 'बायोडिझेल' अशी पाटी लावून डिझेलपेक्षा बऱ्याच कमी भावात जे मिळतं, ते पुष्कळदा बायोडिझेल नसतंच. कारखान्यांसाठी आणलेली खनिज तेलं मिसळून विकल्याच्या धाडी गुजरातेत आणि आपल्याकडेही पडल्या आहेत. ओळखायची सोपी खूण, अहवाल मागा. खरा विक्रेता बॅच नंबरसकट दाखवतो, दुसरा वाद घालतो.

टेम्पोत काहीतरी करायचंच असं मनात असेल, तर एवढं करा. तेल संकलकाला विका. त्याच्याच ओळखीनं परवानाधारक उत्पादकाकडून अहवालासकट बायोडिझेल घ्या. उन्हाळ्यात सुरुवात करा, थंडीत नाही. आधी टाकी उतरवून धुऊन घ्या, रबरी नळ्या बदला, मग दहा टक्क्यांनी सुरू करा, वीसच्या वर जाऊ नका. पहिला फिल्टर आठवड्याच्या आत बदला, दुसरा महिन्यानं. बदललेला फिल्टर कापून आतला कागद बघा: काळी पूड असेल तर तो टाकीतला जुना गाळ, संपेल. पिवळट चिकट थर असेल तर मालात तेल किंवा साबण उरलाय, तो विक्रेता बदला. ऑइल निम्म्या अंतरावर, आणि गाडी चार दिवसांपेक्षा जास्त उभी ठेवायची असेल तर शेवटची टाकी साध्या डिझेलची.

पंप रांगेतला की गोल ते कळत नसेल तर पंपावरच्या पत्र्याच्या पट्टीचा फोटो टाका, नंबर वाचून सांगतो. आणि गेल्या वेळी काढलेलं ऑइल कुठे डब्यात राहिलं असेल तर तेही ओतून बघा, तार येते का.